शुश्रूषा करणाऱ्याचे इरले

मंडळी, आषाढात पेणहून नागोठण्याच्या वाटेने रोह्याला निघालात, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातलावणी चाललेली दिसते. आता बहुतेकांच्या पाठीवर प्लॅस्टिकचा कागद असतो. पण जुन्या मंडळींना इरले आठवत असेलच. बांबूच्या कामट्यांची चौकट आणि तीत दाबून बसवलेली रानातली रुंद पाने. डोके आणि पाठ झाकलेली, पुढची बाजू मात्र सताड उघडी. असे का बरे? लावणी करणारे माणूस वाकलेले असते. पाऊस त्याच्या पाठीवर पडतो, आणि हात तर चिखलात मोकळे लागतात. ज्याने पहिले इरले विणले, त्याला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या: पाऊस कुठून येतो, आणि काम कसे करायचे असते.

आज ज्या वस्त्राची हकिगत सांगायची आहे, तेही एक इरलेच आहे. साथीच्या रोग्याची सेवा करणाऱ्यांनी अंगावर घालायचे कपडे, ज्यांना २०२० सालापासून आपण सगळे ‘पीपीई किट’ म्हणू लागलो. तो पांढरा झगा एका दिवसात शिवला गेला नाही. त्याच्यामागे तीनशे-चारशे वर्षांचे चुकतमाकत शिकणे आहे. पाऊस कुठून येतो हेच माणसाला फार काळ कळत नव्हते!

सतराव्या शतकात युरोपात प्लेगच्या रोग्यांकडे जाणाऱ्या वैद्यांसाठी एक चमत्कारिक पोशाख निघाला. शार्ल द लोर्म या फ्रेंच राजवैद्याच्या नावावर तो सांगितला जातो. मेण चोळलेला पायघोळ अंगरखा, हातमोजे, डोळ्यांवर काचा आणि तोंडावर पक्ष्याची असावी तशी लांब चोच. त्या चोचीत सुगंधी वनस्पती भरलेल्या असत. का? तर रोग दुर्गंधीतून, कुजक्या हवेतून येतो अशी तेव्हाची समजूत होती. सुवास भरला की रोग बाहेर राहील, असा हिशेब. समजूत चुकीची, तेव्हा चोच निरुपयोगी. पण गंमत पाहा, तो मेणकट अंगरखा कदाचित थोडाफार उपयोगी पडला असेल, कारण गुळगुळीत कापडावर पिसवांना थारा मिळणे कठीण. चुकीच्या कारणासाठी घातलेले बरोबर वस्त्र म्हणा ना!

आता आपल्याकडे येऊ. सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पाहता पाहता साथ भडकली आणि लाखो माणसे मुंबई सोडून निघाली. गिरणीत, गोदीत राबणारा कोकणचा माणूस जलमार्गाने गावाकडे वळला. पेणजवळचे धरमतर हे त्या वाटेवरचेच बंदर. माणसांबरोबर बोचकी हलली, अंथरुणे हलली, धान्याची पोती हलली. अशा सामानातून उंदीर आणि पिसवाही प्रवास करीत असतील, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदरापासून माणसापर्यंत येतो कसा, हे कोडे सुटले नव्हते. म्हणून सरकारने घरे औषधी पाण्याने धुतली, कपडे जाळले, माणसे बळजबरीने वेगळी काढली. लोक खवळले. पाऊस कुठून गळतो ते न पाहता सगळे छप्परच उपटावे, तसा तो प्रकार झाला.

त्याच दिवसांत पुण्याबाहेर सासाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. त्यांच्या आई सावित्रीबाई तिथे राबत होत्या. मुंढव्याच्या वस्तीत एक मुलगा प्लेगने तळमळतो आहे असे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेतले आणि चालत दवाखान्यात आणले. पुढे त्यांनाच प्लेगने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वय अवघे सहासष्ट.

गुरुजनहो, सावित्रीबाईंची ही हकिगत आपण मुलांना दरवर्षी सांगता. त्यागाची गोष्ट म्हणून सांगता, ते योग्यच आहे. पण तिच्या जोडीला आणखी एक प्रश्न मुलांपुढे ठेवा. त्या माउलीच्या अंगावर काय होते? रोजच्या लुगड्याखेरीज दुसरे काय असणार? आणि समजा, कोणी त्यांना तोंडावर बांधायला फडके दिले असते, तर? गाठीच्या प्लेगाची पिसू फडक्याने अडत नाही. त्यासाठी पाय, हात, मान झाकणारे घट्ट कपडे लागतात. परंतु पिसवेचा हा हात पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिला तो १८९८ मध्ये, कराचीत. आणि ते सर्वांनी मान्य करायला आणखी काही वर्षे गेली. सावित्रीबाईंच्या वेळी पाऊस कुठून येतो हेच कळलेले नव्हते, मग इरले विणणार कोण?

योगायोग असा, की त्याच १८९७ साली दूर युरोपात ब्रेस्लाऊ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रॉत्स्वाफमध्ये, दुसरे एक कोडे उलगडत होते. कार्ल फ्ल्यूगे या शास्त्रज्ञाने दाखवले की बोलताना, खोकताना तोंडातून बारीक तुषार उडतात आणि त्यांत जंतू असतात. लगेच मिकुलिच नावाच्या शल्यवैद्याने शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर जाळीदार कापड बांधायला सुरुवात केली. मात्र ते रोग्याला जपण्यासाठी होते, वैद्याला नव्हे. रबरी हातमोज्यांची कथा याच्या उलट. त्याआधी काही वर्षे अमेरिकेत बाल्टिमोरच्या रुग्णालयात एका परिचारिकेचे हात तीव्र औषधांनी सोलवटून निघत, म्हणून हॉल्स्टेड या शल्यवैद्याने तिच्यासाठी पातळ मोजे करवून घेतले. त्यांनी जंतूही अडतात, हे नंतर ध्यानात आले.

आपल्याला जपण्यासाठी तोंडावर पट्टी बांधावी, हे ठामपणे सांगितले ते वू लिएन-ते यांनी. हे मलायातल्या पेनांगचे डॉक्टर. १९१०-११ च्या हिवाळ्यात ईशान्य चीनमध्ये प्लेगने थैमान घातले, आणि तो प्लेग गाठीचा नव्हता, फुप्फुसाचा होता. वू यांनी ओळखले की इथे उंदीर-पिसवा दुय्यम आहेत, रोग श्वासावाटे माणसाकडून माणसाकडे जातो आहे. त्यांनी जाळीदार कापडाच्या थरांत कापूस घालून साधी, स्वस्त पट्टी तयार करवली. मेस्नी नावाच्या नामांकित फ्रेंच डॉक्टरला ते पटले नाही. ते पट्टी न बांधताच रोग्यांजवळ गेले आणि थोड्याच दिवसांत प्लेगने दगावले. मग मात्र सगळे पट्टी बांधू लागले! त्या साथीने सुमारे साठ हजार माणसे नेली. रोग तोच प्लेग. पण वाट बदलली, म्हणून वस्त्रही बदलले.

एवढे झाल्यावर वाटेल की आता प्रश्न मिटला. नाही, मंडळी. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाची मोठी साथ आली. हा रोग रोग्याच्या रक्ताच्या, घामाच्या, ओकारीच्या स्पर्शाने होतो. त्या साथीत आठशेहून अधिक आरोग्यसेवकांना लागण झाली आणि पाचशेहून अधिक मरण पावले. झगे अपुरे होते हे खरेच. पण आणखी एक धडा मिळाला. कपडा घालताना नव्हे, तर काढताना धोका मोठा! दिवसभर रोग बाहेर थोपवून धरलेला असतो तो कपड्याच्या बाहेरच्या अंगावर. घाईने ओढून काढला की तोच हाताला, तोंडाला लागतो. म्हणून बाहेरची बाजू आत वळवीत, दर टप्प्याला हात साफ करीत, मास्क शेवटाकडे, आणि हे सारे कोणीतरी शेजारी उभे राहून पाहत असताना, अशी रीत ठरली. मयताहून आल्यावर अंगणातच थांबून आंघोळ करण्याची चाल आपल्याकडे आहे. तिच्यातली सावधगिरी ओळखीची वाटते, नाही का?

मग आले २०२० साल. ९ मार्चला पुण्यात राज्यातला करोनाचा पहिला रोगी सापडला. तोवर असे अंगभर झगे आपल्या देशात जवळजवळ तयारच होत नसत. काही ठिकाणी डॉक्टरांनी चक्क पावसाळी कोट घालून काम केले. म्हणजे फिरून इरल्यापाशीच आलो म्हणायचे! पण दोन-तीन महिन्यांत देशातले कारखाने रोज लाखोंनी झगे करू लागले. हे कापड मागावर विणलेले नसते. प्लॅस्टिकचे बारीक तंतू एकमेकांना चिकटवून ते करतात. आणि खरी मेख असते शिवणीत. सुई जिथे गेली तिथे भोक पडले. म्हणून शिवणीवर उष्णतेने पट्टी चिकटवावी लागते. कोइमतूरच्या दक्षिण भारत वस्त्र संशोधन संस्थेत रक्तासारखा द्रव दाबाखाली त्यावर सोडून पाहत. आत पाझरला की माल नापास.

पण इरल्याचा दुसरा नियम आठवा: काम कसे करायचे असते? ज्या झग्यातून वारा जात नाही, तो कोकणच्या उकाड्यात चार-सहा तास घालून पाहा. आत घामाच्या धारा, चष्म्यावर वाफ. पाणी प्यायचे नाही, कारण लघवीला जायचे तर झगा काढावा लागेल. बायकांचे हाल तर सांगायलाच नकोत. मुंबईत नौदलाच्या वैद्यकीय संस्थेत ‘नवरक्षक’ नावाचा झगा तयार झाला, तो याच विचाराने, की आपल्या दमट हवेत घालणाऱ्याला श्वास घेता आला पाहिजे.

त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर चढले. कौले गेली, पत्रे उडाले, वीज गेली. पेण-रोह्यालाही तडाखा बसला. साथ काही वादळासाठी थांबली नाही. सगळ्यांत उघड्यावर होत्या त्या आशाताई. घरोघर जाऊन ताप मोजणे, बाहेरून आलेल्यांची नोंद ठेवणे, डोंगरातल्या वाडीपर्यंत पायी चढणे हे काम त्यांचे. पांढरा झगा दवाखान्यात. वाडीवर जाणारीच्या तोंडावर बहुधा कापडी मास्क किंवा ओढणीच. त्या काळात राज्यातल्या आशांनी मानधनाबरोबर सुरक्षेची साधनेही मागितली. त्यांनी काही जगावेगळे मागितले का? पाऊस कुठून येतो ते आता कळले होते. इरले कसे विणायचे तेही कळले होते. उरले होते ते एवढेच, की ते सगळ्यांच्या पाठीवर पोचवायचे.

गुरुजनहो, एक सोपा प्रयोग शाळेत करून पाहा. एका मुलाला हातमोजे घाला आणि त्यांवर गुलाल चोळा. मग म्हणा, हाताला रंग न लागता काढ पाहू. दहांतल्या किती जणांच्या मनगटाला, नाकाला, सदऱ्याला गुलाल लागतो ते मुलांनाच मोजू द्या. दुसऱ्यांदा सावकाश, मोजा उलटा वळवून काढायला शिकवा. लांबलचक व्याख्यानाने जे समजणार नाही, ते चिमूटभर गुलाल समजावून देईल.

आणि ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती साजरी कराल, तेव्हा एवढे जरूर सांगा: त्यांनी त्या पोराला पाठीवर घेतले तेव्हा अंगावर घालायला काही नव्हते, कारण ते कोणालाच ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहे. तेव्हा यापुढे आपल्या गावची कोणी ताई रोग्याच्या दारात उघड्या तोंडाने, उघड्या हातांनी उभी दिसली, तर नुसते तिचे कौतुक करून थांबू नका. तिचे इरले कुठे आहे, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा.