घरच्या घरी पोकर टूर्नामेंट कशी भरवायची? चिप्स, ब्लाइंड टायमर आणि बेटिंगचं साधं गणित

दिवाळीची सुट्टी असो की पावसाळ्यातला रिकामा रविवार, चार-आठ मित्र जमले की पत्त्यांचा कॅट बाहेर निघतोच. मेंढीकोट, रमी, तीन पत्ती हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. पोकर मात्र बहुतेकांनी मोबाईलवरच पाहिलेलं असतं.

मीही ते मोबाईलवरच शिकलो आणि त्याची किंमत मोजली. एका पैसे लावायच्या अ‍ॅपवर तीन महिन्यांत माझे चौदा हजार रुपये गेले. शंभर-दोनशे करत गेले, त्यामुळे कळलंच नाही. यूपीआयची हिस्टरी एका रात्री बसून जोडली तेव्हा पोटात गोळा आला. अ‍ॅप काढून टाकलं, पण खेळ आवडला होता. म्हणून मित्रांना घरी बोलावून, एक रुपयाही न लावता टूर्नामेंट सुरू केली. आता महिन्यातून एकदा आमचा डाव बसतो. त्यात ज्या चुका झाल्या आणि जे जमलं, ते सगळं या लेखात सांगतो.

आधी कायद्याचं बघू

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर त्यात बंदी आहे, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. अशा गेम्सची जाहिरात करायलाही मनाई आहे. तरी टेलिग्रामवर कुणी एपीके फाइल पाठवून ‘हे अ‍ॅप अजून चालतं’ म्हणालं, तर त्या वाटेला जाऊ नका. पैसे अडकले तर तक्रार कुठे करणार?

घरात पैसे लावून खेळणंही सुरक्षित नाही. महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधाचा कायदा १८८७ पासून आहे आणि जुगाराचा अड्डा चालवणं हा गुन्हा आहे. आमचा नियम सोपा आहे: चिप्सना पैशांची किंमत नाही. खाण्याचा खर्च सगळे सारखा वाटून घेतात, त्याचा हार-जितीशी संबंध नाही.

खेळ दोन मिनिटांत

आपण टेक्सास होल्डेम हा प्रकार खेळणार आहोत. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे मिळतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी तीन पत्ते उघडतात (फ्लॉप), नंतर एक (टर्न) आणि शेवटी आणखी एक (रिव्हर). या सात पत्त्यांतून ज्याचे पाच सगळ्यात भारी, तो जिंकतो. पत्ते वाटल्यावर एकदा आणि प्रत्येक टप्प्यानंतर एकदा, अशा बेटिंगच्या एकूण चार फेऱ्या होतात.

भारी ते हलके असा क्रम:

१. रॉयल फ्लश (एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दहा)
२. स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाचे सलग पाच)
३. चार सारखे
४. फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी)
५. फ्लश (एकाच रंगाचे कोणतेही पाच)
६. स्ट्रेट (वेगवेगळ्या रंगांचे सलग पाच)
७. तीन सारखे
८. दोन जोड्या
९. एक जोडी
१०. नुसता मोठा पत्ता

इथे रंग म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. तीन पत्ती खेळणारे नेमके इथेच चुकतात. तीन पत्तीत सिक्वेन्स हा कलरपेक्षा भारी असतो, पोकरमध्ये उलटं आहे: फ्लश स्ट्रेटला हरवतो. तसंच तीन पत्तीत एक्का-दुर्री-तिर्रीला मोठा मान असतो, पण पोकरमध्ये एक्का-दोन-तीन-चार-पाच हा सगळ्यात छोटा स्ट्रेट. आमच्याकडे पहिल्याच रात्री यावरून वाद झाला. तेव्हापासून हा क्रम एका कागदावर लिहून मी भिंतीला चिकटवतो.

सामान काय लागतं?

- पत्त्यांचे दोन कॅट. एक वाटला जात असताना दुसरा पिसून तयार ठेवायचा. वेळ खूप वाचतो.
- चिप्स. ८ जणांसाठी ३०० चिप्सचा सेट पुरतो, पण कोणत्या रंगाच्या किती आहेत ते घेण्याआधी मोजा.
- डीलर बटण. कॅरमची सोंगटीही चालते.
- एक स्मार्टफोन, टायमरसाठी.

८ जणांसाठी आमची वाटणी अशी असते, प्रत्येकी ५,००० चे पॉइंट्स:

- २५ च्या ८ चिप्स = २००
- १०० च्या ८ चिप्स = ८००
- ५०० च्या ४ चिप्स = २,०००
- १,००० च्या २ चिप्स = २,०००

म्हणजे माणशी २२ आणि एकूण १७६ चिप्स. उरलेल्या सुट्ट्यासाठी बाजूला ठेवा.

ब्लाइंड्स: टूर्नामेंट वेळेत संपवायचं खरं रहस्य

प्रत्येक डावात डीलरच्या डावीकडचे दोघं पत्ते बघायच्या आधीच ठरलेल्या चिप्स टाकतात. पहिला स्मॉल ब्लाइंड, दुसरा बिग ब्लाइंड. डाव संपला की डीलर बटण एक घर डावीकडे सरकतं.

आमच्या पहिल्या टूर्नामेंटमध्ये ब्लाइंड्स वाढवायचे असतात हेच मला माहीत नव्हतं. रात्री नऊला बसलो, तीन वाजले तरी पाच जण शिल्लक. शेवटी सगळे जांभया देत निघून गेले आणि कोण जिंकलं ते ठरलंच नाही. ब्लाइंड्स वाढत नाहीत तोवर कुणाला घाई नसते, आणि घाई नसेल तर कुणी बाहेर पडत नाही.

आता आम्ही दर १५ मिनिटांनी पुढच्या लेव्हलला जातो:

१. २५/५०
२. ५०/१००
३. ७५/१५०
४. १००/२००
(१० मिनिटं ब्रेक, २५ च्या चिप्स बदलून काढून घ्या)
५. २००/४००
६. ३००/६००
७. ४००/८००
(१० मिनिटं ब्रेक)
८. ६००/१,२००
९. १,०००/२,०००
१०. १,५००/३,०००

यामागचा हिशोब साधा आहे. टेबलावर एकूण ८ × ५,००० = ४०,००० चे पॉइंट्स आहेत. बिग ब्लाइंड २,००० झाला की सगळ्यांचे मिळून फक्त २० बिग ब्लाइंड उरतात, आणि तिथून खेळ पटकन संपतो. म्हणजे ब्रेक धरून साधारण पावणेतीन-तीन तास. वेळ कमी असेल तर लेव्हल १० मिनिटांची करा. पहिल्या ब्रेकपर्यंत बाहेर पडलेल्याला एकदा नवा स्टॅक द्यायचा असेल तर तेही चालतं, फक्त तेवढा वेळ वाढेल हे धरून चाला.

फोनचा उपयोग आणि फोनचा धोका

प्ले स्टोअरवर ‘पोकर टायमर’ असं शोधलं की ब्लाइंड्सचे टायमर मिळतात. लेव्हल्स एकदा भरल्या की बेल वाजते आणि पुढचे ब्लाइंड्स स्क्रीनवर दिसतात. टायमरला कॉन्टॅक्ट्स, एसएमएस किंवा लोकेशनची काहीच गरज नसते. कुठलं अ‍ॅप तशी परमिशन मागत असेल तर लगेच काढून टाका. काहीच नको असेल तर फोनमधल्या घड्याळाचा टायमर आणि कागदावरची यादी पुरे.

टायमरचा फोन स्टँडवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवा. ‘डू नॉट डिस्टर्ब’ आणि स्क्रीन चालू राहील अशी सेटिंग करायला विसरू नका.

आता धोका. बंद स्क्रीन म्हणजे काळा आरसा असतो. एकदा माझा एक मित्र पत्ते वाटत होता आणि त्याचा फोन समोरच पडलेला. प्रत्येक पत्ता फोनवरून सरकताना खालून त्याचं प्रतिबिंब दिसत होतं. त्याच्या मनात काही नव्हतं, शेजारच्याने दाखवलं तेव्हा तोही चकित झाला. पण त्या दिवसापासून नियम झाला: टायमर सोडून बाकी फोन टेबलावर नाहीत. ज्याला फोन घ्यायचा असेल त्याने पत्ते टाकून उठायचं.

भांडणं टाळणारे चार नियम

- पाळी आल्यावर तोंडाने बोललेलं पक्कं. ‘रेझ’ म्हटलं की रेझ.
- चिप्स एका दमात टाकायच्या. थोड्या टाकून, समोरच्याचं तोंड बघून, आणखी टाकायच्या नाहीत.
- दोघंच उरले की डीलर स्मॉल ब्लाइंड टाकतो. फ्लॉपआधी तो पहिला बोलतो, फ्लॉपनंतर शेवटी.
- साइड पॉट आधी मोजायचा, मगच पत्ते उघडायचे.

साइड पॉट म्हणजे काय? समजा अ कडे १,००० आहेत, ब आणि क कडे प्रत्येकी ३,०००. तिघंही ऑल-इन गेले. प्रत्येकाचे १,००० मिळून ३,००० चा मेन पॉट होतो, त्यावर तिघांचा हक्क. ब आणि क चे उरलेले ४,००० हा साइड पॉट, त्यात अ नाही. अ चे पत्ते सगळ्यात भारी निघाले तरी त्याला ३,००० च मिळतात. बाकीचे ४,००० ब आणि क पैकी ज्याचे भारी त्याला.

बेटिंगचं साधं गणित

१. बहुतेक पत्ते टाकून द्या. ५२ पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जोडण्या होतात. हातात जोडी येण्याची शक्यता १७ डावांत एकदा, एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा. म्हणून धीर धरावा लागतो. मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी असे पत्ते आले की बिग ब्लाइंडच्या अडीच ते तीन पट रेझ करा. नुसतं कॉल करून सहा जणांना स्वस्तात आत घेऊ नका. एका अनोळखी हातासमोर एक्क्यांची जोडी साधारण ८५ टक्के वेळा जिंकते, पण माणसं वाढली की ती शक्यता झपाट्याने खाली येते.

२. शेवटी बोलणारा फायद्यात. डीलर बटणावर असाल तर फ्लॉपनंतर सगळ्यांचं बघून तुम्ही निर्णय घेता. म्हणून बटणाजवळ जरा जास्त हात खेळा, सुरुवातीच्या जागेवर कमी.

३. दोन आणि चारचा नियम. हातात दोन बदाम आणि फ्लॉपवर दोन बदाम आहेत. १३ पैकी ४ दिसले, ९ उरले. पुढच्या एका पत्त्यावर फ्लश लागण्याची शक्यता म्हणजे ९ × २, सुमारे १८ टक्के. टर्न-रिव्हर दोन्ही बघायला मिळणार असतील तर ९ × ४, सुमारे ३६. खरे आकडे १९ आणि ३५ च्या आसपास आहेत, टेबलावर एवढा अंदाज पुरतो.

४. कॉल परवडतो का? पॉटमध्ये ६०० आहेत, समोरच्याने ३०० लावले. तुम्ही ३०० दिले तर पॉट १,२०० होईल. ३०० भागिले १,२०० म्हणजे २५ टक्के. तुमची शक्यता याहून जास्त हवी. वरच्या बदामाच्या हाताला पुढच्या पत्त्यावर १८-१९ टक्केच आहेत, म्हणजे बहुतेकदा टाकून द्या. पण समोरच्याने १५० च लावले असते तर १५० भागिले ९००, म्हणजे १७ टक्क्यांच्या आत, कॉल परवडतो. आणि ते ३०० हे त्याचं ऑल-इन असेल, तर दोन्ही पत्ते फुकट बघायला मिळतात. ३५ टक्के हे २५ पेक्षा जास्त, कॉल करा.

५. ब्लफ कमी आणि माणूस बघून. ६०० च्या पॉटमध्ये ३०० चा ब्लफ तीनपैकी एकदा जरी चालला तरी तुमचं नुकसान होत नाही. पण घरच्या टेबलावर एक तरी मित्र असा असतो जो ‘बघूया तर खरं’ म्हणत प्रत्येक बेट कॉल करतो. त्याच्यासमोर ब्लफ करू नका. चांगले पत्ते येईपर्यंत थांबा आणि मग मोठी बेट लावा.

६. चिप्स कमी उरल्या की दोनच पर्याय. १० बिग ब्लाइंडपेक्षा कमी उरले तर ऑल-इन किंवा फोल्ड. थोडे थोडे घालवत बसलात तर ब्लाइंड्सच तुम्हाला संपवतील.

पैसे नाहीत तर मजा कशी येणार?

हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो आणि तो बरोबर आहे. सुरुवातीला आमच्याकडे लोक पहिल्याच डावात ऑल-इन जायचे, कारण गमवायचं काहीच नव्हतं. त्यावर उपाय म्हणून आम्ही लीग केली. गूगल शीटमध्ये पॉइंट्स टेबल: पहिल्याला १०, दुसऱ्याला ७, तिसऱ्याला ५, चौथ्याला ३, बाकी सगळ्यांना १. वर्षाच्या शेवटी जो वर, त्याचं नाव ट्रॉफीवर. त्या रात्री पहिला बाहेर पडलेला चहा करतो. आता प्रत्येक चिप जपली जाते.

माझे चौदा हजार परत आले नाहीत, येणारही नाहीत. पण त्या तीन महिन्यांत मी एकटा अंधारात स्क्रीनकडे बघत खेळायचो आणि समोर कोण आहे हेही माहीत नसायचं. आता समोर मित्र असतात आणि हरलो तरी फक्त गॅससमोर दहा मिनिटं उभं राहावं लागतं. तुमच्या ओळखीचं कुणी अजूनही गुपचूप एखाद्या अ‍ॅपवर पैसे लावत असेल, तर त्याला उपदेश करू नका. पुढच्या रविवारी घरी बोलवा आणि त्याच्यापुढे २२ चिप्स ठेवा.