रक्तांतील विळा

चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वभागांत, वैनगंगेच्या अलीकडे, पोंभुर्णा हें तालुक्याचें गांव आहे. भोंवतालीं जंगल, जंगलाच्या कडेनें तळीं व बोड्या, आणि त्यांच्या पाण्यावर पिकणारी धानाची शेती, असा हा मुलूख. धान कापणीस आलें म्हणजे घरोघरचे विळे बाहेर निघतात. या टापूंतील कित्येक कुटुंबांस मात्र दुसऱ्याच एका विळ्याची ओळख आहे. तो हातांत धरतां येत नाहीं; रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला म्हणजेच तो दिसतो. वैद्यकशास्त्र त्यास ‘सिकलसेल’, म्हणजे विळ्यासारखी पेशी, असें म्हणतें. आणि खेड्यांतील माणसेंहि आतां तोच शब्द वापरतात.

ज्याच्या रक्तांत हा विळा शिरला त्या मुलाचें बाळपण इतरांसारखें जात नाहीं. अगदीं लहानपणीं हातापायांस सूज येते; पुढें हाडें व सांधे असह्य ठणकतात, डोळे पिवळे दिसतात, थोड्या श्रमानें धाप लागते. थंडी, ताप किंवा पाणी कमी पिणें, यांपैकीं एखादें निमित्त पुरतें आणि दुखणें उसळतें. पिढ्यान्‌पिढ्या हें दुखणें घरांत होतें, पण त्यास नांव नव्हतें. नांव नसलेल्या दुखण्याचा दोष कोणावर तरी येतोच. तो कधीं दैवावर आला, कधीं करणीवर, आणि कधीं घरांत आलेल्या सुनेवर. हा दोष खोटा आहे, असें ज्या ज्ञानानें सिद्ध झालें, त्याचा इतिहास हा बऱ्याच अंशीं एका अतिशय पातळ पडद्याचा इतिहास आहे.

तो पडदा म्हणजे जिवंत पेशीचें आवरण. त्याचें कार्य समजण्यास पोंभुर्ण्याच्या शिवारांतील धानाची बांधी उपयोगीं पडेल. बांधीभोंवतीं मातीचा धुरा असतो. तो नसेल तर पाणी ठरत नाहीं, आणि तो सर्व बाजूंनीं कायमचा बंद असेल तर धान कुजून जातें. म्हणून शेतकरी धुऱ्यास तोंड ठेवतो. केव्हां पाणी घ्यावें व केव्हां सोडावें, हें तो पाहतो. बांधीचें बांधीपण धुऱ्यांत आहे. पेशीचेंहि तसेंच आहे. आंतील द्रव्य बाहेरच्या द्रव्यापासून निराळें राखणें, हवें तें आंत घेणें, नको तें बाहेर टाकणें, हें ज्याच्या योगानें घडतें तें पेशीपटल.

इंग्लंडांतील रॉबर्ट हूक यानें १६६५ सालीं बुचाच्या कापांत लहान लहान कोठड्या पाहिल्या व त्यांस पेशी हें नांव दिलें. परंतु त्या कोठड्या रिकाम्या, मेलेल्या होत्या. जिवंत पेशीच्या पोटांत काय चालतें, हें कळण्यास पुढें तीनशें वर्षें लागलीं. १८३१ सालीं रॉबर्ट ब्राउन यानें पेशींतील केंद्रक दाखवून दिलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्नेस्ट ओव्हरटन याच्या ध्यानांत आलें कीं, जे पदार्थ तेलांत सहज विरघळतात ते पेशींत त्वरेनें शिरतात. त्यावरून पेशीचें आवरण स्निग्ध द्रव्याचें असावें, असा त्यानें तर्क केला. १९२५ सालीं हॉलंडांत गॉर्टर व ग्रेंडेल या दोघांनीं तांबड्या रक्तपेशींतील सारें स्निग्ध द्रव्य काढून तें पाण्यावर एकेरी थरांत पसरलें. त्यानें व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. अर्थात्‌ पटल दुहेरी थराचें होतें. त्यांच्या मोजणींत दोन चुका होत्या, असें पुढें आढळलें. स्निग्ध द्रव्य पूर्ण निघालें नव्हतें, आणि पेशीचा पृष्ठभागहि कमी धरला गेला होता. एका चुकीनें दुसरीस सांवरलें आणि निष्कर्ष मात्र खरा ठरला! या दुहेरी थराची जाडी मिलिमीटरच्या सुमारें दोन लाखाव्या भागाइतकी असते. १९७२ सालीं सिंगर व निकोल्सन यांनीं दाखविलें कीं हें पटल ताठ भिंतीसारखें नाहीं. तेलाच्या तवंगाप्रमाणें तें प्रवाही असून त्यांत प्रथिनांचे कण तरंगत असतात. हींच प्रथिनें पटलाचे दरवाजे, पंप आणि पहारेकरी होत.

पेशीच्या आंतहि अशींच लहानमोठीं दालनें असतात. त्यांस अंगकें म्हणतात. केंद्रकांत वंशपरंपरेची लिपि जपलेली असते. तंतुकणिका प्राणवायूच्या साहाय्यानें अन्नांतून शक्ति काढतात. रायबोसोम हे कण केंद्रकाच्या आज्ञेप्रमाणें प्रथिनें घडवितात, आणि लयकारी पिशव्या जुनें मोडकें द्रव्य पचवून टाकतात. रायबोसोमांस स्वतःचें आवरण नसतें. पण बाकीच्या या दालनांभोंवतीं पुन्हां तसाच पडदा असतो. म्हणजे मोठ्या बांधीच्या पोटांत लहान लहान बांध्या, आणि प्रत्येकीचा धुरा वेगळा. या अंतर्रचनेचा शोध लावल्याबद्दल क्लॉड, द दूव्ह व पॅलेड या तिघांस १९७४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

या सर्व पेशींत तांबड्या रक्तपेशीची कथा विलक्षण आहे. हाडांच्या मगजांत ती जन्मास येते तेव्हां तिच्याजवळ सर्व अंगकें असतात. मोठी होतां होतां ती केंद्रक बाहेर टाकते. मागोमाग तंतुकणिका व रायबोसोमहि जातात. उरतें तें सुमारें २७ कोटी हिमोग्लोबिनच्या रेणूंनीं भरलेलें एक पटल. हिमोग्लोबिन फुप्फुसांत प्राणवायु उचलतें व शरीरभर पोंचवितें. तंतुकणिका नसल्यामुळें पेशी स्वतः त्या प्राणवायूचा कणहि खर्चीत नाहीं. ओझें वाहण्यासाठीं तिनें आपला सारा संसार सोडला. त्यामुळें मोडलेलें प्रथिन नव्यानें घडविण्याचें साधनहि तिच्याजवळ राहिलें नाहीं. सुमारें १२० दिवस ती जगते, आणि तें जगणें सर्वस्वीं पटलावर अवलंबून असतें. आपल्याहून अरुंद केशवाहिन्यांतून तिला अंग चोरून जावें लागतें. म्हणून पटलाच्या आंतल्या बाजूस स्पेक्ट्रिन नांवाच्या प्रथिनाची लवचिक जाळी असते. पटलांतील पंप तीन सोडियमचे कण बाहेर टाकून दोन पोटॅशियमचे कण आंत घेतो. पाण्याचा दरवाजा निराळा आहे. अमेरिकेंतील पीटर अॅग्रे यांस तो याच तांबड्या पेशीच्या पटलांत सांपडला, आणि २००३ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां विळ्याकडे वळावयाचें. १९१० सालीं शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं, ग्रेनाडा बेटांतून दंतवैद्यक शिकण्यास आलेल्या एका तरुणाच्या रक्तांत विळ्याच्या आकाराच्या पेशी आढळल्याचें प्रसिद्ध केलें. १९२७ सालीं हान व गिलेस्पी यांनीं दाखविलें कीं, प्राणवायु काढून घेतला म्हणजे या पेशी वांकड्या होतात व तो परत दिला म्हणजे पुन्हां गोल होतात. १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं, हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूंतच आहे, असें सिद्ध केलें. रोगाचें मूळ एका रेणूंत दाखविण्याचा तो पहिलाच प्रसंग. पुढें १९५६ च्या सुमारास व्हर्नन इन्ग्रॅम यांनीं तो दोष नेमका कोठें आहे तें शोधलें. हिमोग्लोबिनच्या एका सांखळींत १४६ दुवे असतात. त्यांतील सहावा दुवा तेवढा बदललेला असतो.

एवढ्याशा बदलानें एवढा अनर्थ कां व्हावा, याचें उत्तर पुन्हां पटलापाशीं येतें. प्राणवायु देऊन झाला कीं असे बदललेले रेणू एकमेकांस चिकटून लांब ताठ दोर बनतात. ते दोर पटलास आंतून रेटतात, आणि पेशी विळ्यासारखी होते. ताणलेल्या पटलांतून कॅल्शियम आंत शिरतें. त्यामुळें पोटॅशियम बाहेर जाण्याचा एक दरवाजा उघडतो, आणि पोटॅशियमच्या मागोमाग पाणीहि निघून जातें. धुरा फुटल्यावर बांधींतील पाणी वाहून जावें व मागें घट्ट चिखल उरावा, तशी पेशीची स्थिति होते. आंतील हिमोग्लोबिन दाट झालें म्हणजे दोर अधिकच लवकर बनतात, पटल अधिकच ताणलें जातें, आणि चक्र वाढत जातें. शेवटीं पेशी पुन्हां गोल होतच नाहीं. ती ताठ व चिकट बनून केशवाहिन्यांत अडकते. पुढील भागास रक्त पोंचत नाहीं, आणि हाडें ठणकतात तीं यामुळेंच. अशी पेशी १२० दिवसांऐवजीं दहावीस दिवसांतच मोडते. म्हणून रक्तक्षय होतो व डोळे पिवळे होतात. भरपूर पाणी पिण्याचा डॉक्टरांचा सल्ला साधा वाटतो, पण त्यामागें हें सारें शास्त्र आहे.

हा बदल इतका घातक असतां तो निसर्गांतून नाहींसा कां झाला नाहीं? याचें उत्तर जंगलाच्या मुलखांत दडलेलें होतें. हिवतापाचा परोपजीवी जंतू तांबड्या पेशींतच वाढतो. पटल दाबून तो आंत शिरतो, आणि पेशींत स्वतःच्या सोयीची वाहतूक उभारून आपलीं प्रथिनें पटलाच्या बाहेरील बाजूस नेऊन बसवितो. त्यामुळें ती पेशी रक्तवाहिनीस चिकटून राहते. ज्याच्या रक्तांत बदललेलें हिमोग्लोबिन अर्धेंच आहे, अशा वाहकाच्या पेशींत जंतूची ही वाहतूक नीट चालत नाहीं. जंतू शिरलेल्या पेशी लवकर वांकड्या होतात व प्लीहा त्यांस वेंचून काढते. १९५४ सालीं अँथनी अॅलिसन यांनीं पूर्व आफ्रिकेंतील पाहणीवरून दाखविलें कीं, वाहकांस घातक हिवतापापासून संरक्षण मिळतें. महाराष्ट्रांत हिवतापानें दीर्घकाळ पीडलेल्या जिल्ह्यांत गडचिरोलीचें नांव अग्रभागीं येतें, आणि १९८२ पर्यंत तो चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. ज्या तळ्यांच्या व जंगलाच्या आधारानें माणूस तेथें जगला, तेथेंच डासहि वाढला; आणि जी ढाल पूर्वजांस तापापासून वांचवीत आली, तीच दोहों बाजूंनीं एकत्र आली म्हणजे नातवंडांस जखम करूं लागली.

भारतांत या रोगाचा प्रथम उल्लेख १९५२ सालीं झाला. लेमन व कटबुश यांस निलगिरींतील आदिवासींच्या रक्तांत तो आढळला. १९५८ सालीं शुक्ला व सोळंकी यांनीं मध्य भारतांतील लोकांत तो असल्याचें ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. त्यानंतर विदर्भांतील गोंड, माडिया, परधान इत्यादि आदिवासी समाजांत, तसाच अनुसूचित व मागासलेल्या इतर समाजांतहि तो दिसून आला. परंतु शोधाचें वृत्त नियतकालिकांत छापलें जाणें निराळें, आणि तें खेड्यांतील आईच्या कानीं पडणें निराळें. या दोहोंमध्यें कित्येक दशकांचें अंतर पडलें. ११ डिसेंबर २०२२ रोजीं चंद्रपूर येथील हिमोग्लोबिनच्या विकारांवरील संशोधन व नियंत्रण केंद्राचें लोकार्पण झालें. १ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथें राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेस आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांचें रक्त तपासावें, आणि २०४७ पर्यंत या रोगाचें निर्मूलन व्हावें, असा तिचा संकल्प आहे.

उपचारहि आतां अगदींच नाहींत असें नाहीं. हायड्रॉक्सियुरिया या औषधानें गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिनचें प्रमाण वाढतें व दोर बनण्यास अडथळा येतो. नोव्हेंबर २०२३ मध्यें ब्रिटननें, मगजांतील पेशींची आनुवंशिक लिपि दुरुस्त करणाऱ्या उपचारास मान्यता दिली. पण त्याची किंमत इतकी प्रचंड आहे कीं धान पिकविणाऱ्या घरास त्याचा आज तरी उपयोग नाहीं. त्या घराच्या आंवाक्यांतील उपाय म्हणजे रक्ताची वेळेवर तपासणी, आणि तिचा अर्थ नीट समजणें.

तो अर्थ असा. वाहक हा रोगी नव्हे. तो शेतांत राबतो, संसार करतो, आणि बहुधा त्यास आपलें वाहकपण ठाऊकहि नसतें. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्याच्या वेळीं रोगाची शक्यता चारांत एक, वाहकपणाची चारांत दोन, व पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक असते. वाहकाचा विवाह निर्दोष व्यक्तीशीं झाला तर अपत्यास हा रोग होत नाहीं. ज्यास हा रोग होतो त्या बालकास एक अंश आईकडून व एक अंश बापाकडून आलेला असतो. म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरानें आपल्या मुलाचेंहि रक्त तपासून पाहावें. तपासणीचें कार्ड पाहून मुलीस नाकारणें हा या ज्ञानाचा उपयोग नव्हे, दुरुपयोग आहे. दोन्ही घरांनीं दोन्ही कार्डें एकत्र ठेवून विचार करणें, एवढीच त्या शास्त्राची अपेक्षा आहे.

पोंभुर्ण्याच्या शेतकऱ्यास धुऱ्याची किंमत कोणी शिकवावी लागत नाहीं. पावसाच्या पहिल्या सरीबरोबर तो फावडें घेऊन बांधीवर जातो, आणि जेथें माती खचली असेल तेथें ती भरून काढतो. धुरा कोणाच्या पापानें फुटला, हें विचारीत बसत नाहीं. रक्तांतील धुऱ्याकडेहि त्यानें त्याच दृष्टीनें पाहावें, एवढें ज्या दिवशीं साधेल, त्या दिवशीं या इतिहासाचें खरें चीज झालें असें म्हणतां येईल.