शस्त्राची निगा : एक उपेक्षित इतिहास

खंडेनवमीच्या दिवशी आपल्यापैकी बऱ्याच जुन्या घरांत आजही पाटावर शस्त्रे मांडली जातात. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून जे लष्कर शहर ग्वाल्हेरात उभे राहिले, तेथील आम्हां मंडळींच्या घरांत तर ही प्रथा विशेष आस्थेने पाळली जाते. तलवार, कट्यार, क्वचित आजोबांच्या नावावरून नातवाच्या परवान्यावर आलेले एखादे पिस्तूल. त्यांवर गंध, फूल, अक्षता वाहिल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी सोने लुटून झाले की शस्त्रे पुन्हा पेटीत जातात. या पूजेचा मूळ हेतू पावसाळ्यात गंजलेली हत्यारे सीमोल्लंघनापूर्वी बाहेर काढून घासूनपुसून सज्ज करणे हा होता, याचे मात्र आपल्याला विस्मरण झाले आहे. पूजा राहिली, निगा गेली.

इतिहासग्रंथांत लढायांची वर्णने असतात, तहांची कलमे असतात. पण शस्त्र स्वच्छ कोणी केले, कशाने केले, आणि ते न केल्यास काय घडत असे, याची नोंद क्वचितच आढळते. वास्तविक बंदुकीचा इतिहास हा पुष्कळ अंशी नळीतील मळाचा इतिहास आहे.

जुनी बंदुकीची दारू सोरा, गंधक व कोळसा यांची. प्रमाण साधारणपणे 75, 10 आणि 15. ही दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने मागे उरतो. त्याचा काही अंश धुरावाटे उडून जातो, उरलेला नळीच्या आत थरावर थर बसवितो. या काजळीत पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतील ओल शोषून घेतात. म्हणून तोड्याची असो वा ठासणीची असो, प्रत्येक बंदूक काही बारांनंतर पाण्याने धुवावी लागे. पाण्याने क्षार विरघळत. मग नळी कोरडी करून तेलाचा हात फिरवावा लागे. गज हा केवळ बार ठासण्यासाठी नव्हता. त्याच्या टोकाला चिंधी गुंडाळून नळी पुसण्याचे कामही तोच करी. तलवारीसाठी जसा शिकलगार, तसा बंदुकीसाठी हा रोजचा उपचार होता.

या मळानेच आपल्या इतिहासाला एक मोठी कलाटणी दिली. 1853 च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा होत्या. तोंडाकडून ठासायची गोळी या खाचांतून खाली जायची, तर आधीच्या बारांची काजळी मऊ राहणे आवश्यक होते. त्यासाठी कागदी काडतुसाच्या एका टोकाला चरबी लावलेली असे. ती गाईची वा डुकराची असल्याची वार्ता छावण्यांतून पसरली आणि पुढे जे झाले ते सर्वांस ठाऊक आहे. शिपायांनी स्वतः तूप आणि मेण लावावे, अशी मुभा जानेवारी 1857 मध्येच देण्यात आली होती. पण तोवर विश्वासाचा धागा तुटला होता. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात काडतुसांची हकीकत आली आहे, ती आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. त्या उठावाची कारणे अनेक आणि खोल होती. परंतु ठिणगी पडली ती नळीतील काजळीवरच्या उपायामुळे, हे विसरता येत नाही.

1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिए यांनी धूररहित दारू सिद्ध केली. आता मळच उरला नाही, तेव्हा सफाईचा जाच संपला, असे पुष्कळांना वाटले. पण अनुभव उलटा आला. वरवर स्वच्छ दिसणारी नळी पुसून, तेल लावून ठेवावी आणि काही दिवसांत ती आतून गंजलेली निघावी! दोष दारूचा असल्याचे दीर्घकाळ मानले गेले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेच्या खाण विभागातील संशोधक विल्बर्ट हफ यांनी खरे कारण दाखविले. काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेट पेटल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते. हा स्वयंपाकघरातील मिठाचाच भाऊबंद. तो तेलात विरघळत नाही, म्हणजे तेलाच्या थराखाली तो आपले काम निवांतपणे करीत राहतो. त्यावर उपाय तोच जुना, पाण्याचा. ली-एन्फिल्ड बाळगणारे शिपाई नळीतून उकळते पाणी ओतीत असत, ते याचसाठी. त्या रायफलीच्या लाकडी दस्त्यात तेलाची छोटी कुपी आणि पुलथ्रूची दोरी ठेवण्यास पोकळ जागाच केलेली असे. आपल्या सैन्यात व एनसीसीत सफाईसाठी 4 बाय 2 इंचांची ‘चिंदी’ अद्याप सांगितली जाते. क्षार न सोडणाऱ्या टोप्या 1920 नंतरच्या दशकात प्रचारात आल्या आणि हा त्रास हळूहळू कमी झाला.

पिस्तुलाची गोष्ट आणखी निराळी आहे. स्वयंभरण पिस्तुलात एका बाराच्या धक्क्यानेच वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामे टरफल बाहेर फेकतो आणि पुढचे काडतूस नळीत चढवितो. इतकी कामे क्षणार्धात करणारे यंत्र मळाला फार लवकर बळी पडते. म्हणूनच अमेरिकी सैन्याने मार्च 1911 मध्ये जी प्रसिद्ध परीक्षा घेतली, तिच्यात सफाईचा क्रमच ठरवून दिलेला होता. प्रत्येक पिस्तुलातून 6000 बार. दर शंभर बारांनंतर थंड होण्यास पाच मिनिटे. दर हजारांनंतर सफाई आणि तेल. जॉन ब्राउनिंग यांच्या कोल्ट पिस्तुलात एकही बिघाड झाला नाही. प्रतिस्पर्धी सॅव्हेजमध्ये 37 झाले. त्या पिस्तुलाचा आणखी एक गुण असा, की सफाईपुरते ते हातानेच सुटे होते. अवजाराची गरज नाही, म्हणजे शिपायाला सबबही नाही.

याच ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून बेल्जियममध्ये 1935 साली ‘हाय पॉवर’ पिस्तूल पुढे आले. आपल्या ईशापूरच्या कारखान्यातील 9 मि.मी. पिस्तूल त्याच घराण्याचे. मूळ हाय पॉवरमध्ये मॅगझिन काढल्यावर घोडा दाबला तरी बार उडत नाही, अशी योजना आहे. 1911 च्या कोल्टमध्ये ती नाही. तेथे मॅगझिन खिशात असले तरी नळीत राहिलेले एक काडतूस जीव घेऊ शकते. दोन्ही पिस्तुले एकाच प्रतिभेची, पण एकावर जडलेली सवय दुसऱ्यावर घात करते.

हे लिहिण्यास कारण आहे. शासकीय सेवेत असताना शस्त्रपरवान्यांचे काम काही वर्षे माझ्या टेबलावर होते. निवडणूक जाहीर झाली की शस्त्रे ठाण्यात जमा करवून घ्यावी लागत. त्याआधी लोक ती घाईने पुसावयास काढीत. अशाच एका सायंकाळी एका सुशिक्षित, सावध गृहस्थांनी मॅगझिन काढून बाजूस ठेवले आणि नळी पुसावयास घेतली. नळीत एक काडतूस होते. समोर त्यांचा पुतण्या बसला होता. चौकशीच्या कागदांत त्या गृहस्थांचे एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होते : ‘मी ते रिकामे केले होते.’ ते खोटे बोलत नव्हते. त्यांना यंत्राचा इतिहास ठाऊक नव्हता, इतकेच. तो कागद पुढे पाठविताना माझा हात थरथरला होता.

म्हणून ज्यांच्या घरी परवान्याचे शस्त्र आहे, त्यांच्यासाठी जुन्या उस्तादांचा क्रम येथे नोंदवितो. प्रथम नळी निर्जन दिशेला. मग मॅगझिन काढावे. नंतर सरकता भाग मागे ओढून, अडकवून, नळीचे घर डोळ्यांनी पाहावे आणि बोटाने चाचपावे. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. मगच पिस्तूल सुटे करावे. ब्रश शक्यतो मागील बाजूने, बार ज्या दिशेने जातो त्याच दिशेने फिरवावा. नंतर कोरडी चिंदी. शेवटी सरकणाऱ्या कडांवर तेलाचा पातळ थर. तेल जास्त झाले की धूळ धरते. मॅगझिन कोरडेच बरे. चामड्याच्या म्यानात पिस्तूल कायमचे ठेवू नये. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली द्रव्ये पोलादाला खातात. आणि खंडेनवमीचे गंधपाणी व हाताचा घाम त्याच रात्री पुसून काढावा.

पूर्वजांनी शस्त्राला देवत्व दिले, ते त्याच्या धारेपुढे नम्र राहावे म्हणून. यंदा पाटावर शस्त्र मांडण्यापूर्वी घरातील जाणत्याने ते एकदा उघडून पाहावे, आणि ते पाहणे मुलांना दाखवावे. पूजेचा आरंभ तेथूनच होतो.