सेनानी-व्यक्तिचित्रे (ब्रिटन, अठरावे शतक)

अठराव्या शतकातील ब्रिटिश चित्रकलेचा एक प्रतिष्ठित प्रकार. सरदार घराण्यांतील सेनाधिकाऱ्यांची ही पूर्णाकृती तैलचित्रे बहुधा 2.4 मीटरच्या आसपास उंच असत, म्हणजे माणूस जवळजवळ प्रत्यक्षाएवढा. लाल किंवा निळा डगला, कमरेला तलवार, मागे धूर नाहीतर वादळी आभाळ, हा त्यांचा ठरीव सरंजाम.

या साच्यात जीव ओतला सर जॉशुआ रेनल्ड्स (1723–92) याने, अल्बेमार्लच्या अर्लचा मुलगा ऑगस्टस केपेल याच्या चित्रात (1752–53). 1747 मध्ये फ्रेंच जहाजाचा पाठलाग करताना केपेलची ‘मेडस्टोन’ ही युद्धनौका फुटली होती. लष्करी न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. चित्रात तो खवळलेल्या समुद्राच्या किनाऱ्यावरून तडफेने पुढे येतो, ठेवण प्राचीन अपोलोच्या पुतळ्याची. बुडालेले जहाज असे शौर्याच्या खाती जमा झाले.

ही किमया रेनल्ड्सने पुढेही केली. कॅप्टन रॉबर्ट ऑर्म 1755 मध्ये अमेरिकेत ब्रिटिश सेनापती जनरल ब्रॅडकच्या दारुण पराभवात जखमी झाला. 1756 च्या चित्रात तो घोड्यापाशी रुबाबात उभा आहे. (ऑर्मने ते विकत घेतलेच नाही, कित्येक वर्षे ते चित्रशाळेत राहिले.) कर्नल बॅनस्टर टार्लटनचे चित्र 1782 चे, अमेरिकेतल्या यॉर्कटाउनला ब्रिटिश फौजेने पत्करलेल्या शरणागतीनंतरचे. टार्लटन सरदारपुत्र नव्हे. लिव्हरपूलच्या गुलामव्यापारातल्या घराण्यातला. ऐट मात्र तीच. जिब्राल्टर खरोखर राखणाऱ्या लॉर्ड हीथफील्डला (1787) पराभव झाकायचा नव्हता: त्याच्या हातात किल्ल्याची किल्ली आहे.

चेहरा रेनल्ड्स स्वतः रंगवी. कपडे पुष्कळदा मदतनीस. 1782 पासून पूर्णाकृती चित्राचा त्याचा दर 200 गिनी होता. त्याचे तांबडे रंग कच्चे निघाले आणि अनेक चेहरे पांढुरके पडले.

ही पद्धत ब्रिटनबाहेरही पोचली. मराठा दरबारात इंग्रजी पद्धतीची व्यक्तिचित्रे आणली जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने. 1792 च्या सुमारास पुण्यात त्याने पेशवे सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचे एकत्र चित्र केले. महादजी शिंद्यांचेही केले. पेशव्यांना त्याने रणांगणात उभे केले नाही, गादीवर बसलेले दाखवले. पेशव्यांचे हे चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे.