सेवेचं एक वर्ष आणि बावीस वर्षं

स्मरणिकेसाठी अलिबागच्या इतिहासावर काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला. कान्होजी आंग्रे आणि कुलाबा किल्ला यांच्यावर लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी मात्र इस्रायल आळीबद्दल लिहायचं ठरवलं. आपल्यापैकी कितीतरी जण त्या आळीतून शाळेत येत. तिथलं सिनेगॉग सगळ्यांनी बाहेरून पाहिलेलं आहे. पण या आळीच्या समाजाने तरुणांकडून समाजकार्य कसं करून घेतलं, हे आपल्याला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. मलाही ते कळलं ते फार उशिरा आणि फार लांबच्या वाटेने.

मी संगणक अभियंता. एका प्रकल्पावर न्यूयॉर्कचा एक ज्यू सहकारी माझ्याबरोबर होता. त्याच्या अनुभवाच्या यादीत पदवीनंतरचं एक वर्ष ‘सेवा’ म्हणून नोंदलेलं होतं. मला वाटलं, लष्करात असेल. तसं नव्हतं. तो ‘अवोदा’ नावाच्या संस्थेत होता. हिब्रूत या शब्दाचे तीन अर्थ होतात : काम, सेवा आणि उपासना. १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये ही संस्था सुरू झाली. नुकतेच पदवीधर झालेले ज्यू तरुण वर्षभर एका घरात एकत्र राहतात, जेमतेम खर्च भागेल एवढा भत्ता घेतात आणि गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थांमध्ये पूर्णवेळ राबतात. कोणी बेघरांच्या निवाऱ्यात, कोणी मोफत कायदा सल्ला केंद्रात. संध्याकाळी एकत्र बसून स्वयंपाक, अभ्यास आणि वाद.

अशी कामं अमेरिकेतल्या ज्यू समाजात बरीच आहेत. ‘अमेरिकन ज्यूईश वर्ल्ड सर्व्हिस’ १९८५ची, ‘रिपेअर द वर्ल्ड’ २००९ची. त्यामागे एक जुनी आठवणही आहे. १९६४च्या उन्हाळ्यात कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला उत्तरेकडचे शेकडो विद्यार्थी मिसिसिपीत गेले. त्यांत ज्यू तरुणांची संख्या मोठी होती. जेम्स चेनी हा स्थानिक कृष्णवर्णीय कार्यकर्ता, आणि अँड्र्यू गुडमन व मायकेल श्वर्नर हे न्यूयॉर्कचे दोन ज्यू तरुण, अशा तिघांचा तिथे खून झाला. तिघांतला सर्वांत मोठा २४ वर्षांचा होता. सेवा म्हणजे सुट्टीतला उद्योग नव्हे, हे त्या पिढीला कळलं ते असं.

सहकाऱ्याचं ऐकून मी एक प्रश्न विचारला. वर्ष संपल्यावर तुझ्या जागी कोण आलं? तो म्हणाला, दुसरा कोणीतरी, वर्षभरासाठी. त्या वर्षाने त्याला घडवलं, यात शंका नाही. पण ज्यांच्यासाठी तो गेला, त्यांच्या हातात काय उरलं? हा प्रश्न डोक्यात घेऊन मी आपल्याकडचं वाचायला लागले, आणि पहिलंच नाव भेटलं ते आपल्या शेजारच्या किहीमचं.

हाईम सॅम्युएल केहीमकर. आडनावच सांगतं, घराणं मूळ किहीमचं. कोकणातले बेने इस्रायल तेलाच्या घाण्यावर काम करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. एकोणिसाव्या शतकात त्यांतली बरीच कुटुंबं मुंबईला गेली. तिथे १८५३ साली केहीमकरांनी आपल्या माणसांना जमवून समाजात शिक्षणाचा प्रसार करण्यासाठी एक संस्था काढली. तेव्हा त्यांचं वय होतं २३. आजच्या भाषेत सांगायचं तर ‘फेलो’ व्हायचं वय. फरक एवढाच की फेलोशिप द्यायला वर कोणी नव्हतं.

शाळा प्रत्यक्ष उभी राहिली ती १८७५ साली. म्हणजे मधे २२ वर्षं गेली. पुढे लंडनच्या अँग्लो-ज्यूईश असोसिएशनची मदत मिळाली. शाळेत हिब्रू होती, इंग्रजी होती आणि मराठीही होती. केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. तोवर त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. आपल्या कामाचं फळ आपल्यालाच दिसलं पाहिजे, असा हट्ट या माणसाला परवडलाच नसता.

पुढच्या पिढीतल्या दोघी जणी मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. रिबेका रूबेन १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या. अशी मुलगी त्या काळी कुठेही गेली असती. त्या १९२२ साली केहीमकरांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि १९५०पर्यंत तिथेच राहिल्या.

दुसऱ्या डॉ. जेरुशा झिराड. वैद्यकीय शिक्षणासाठी टाटांच्या कर्ज-शिष्यवृत्तीवर त्या लंडनला गेल्या. नंतर त्यांना हिंदुस्थान सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळाली. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९१९ साली लंडनची एम.डी. घेऊन त्या परतल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या त्या १९२८ ते १९४७ अशी १९ वर्षं प्रमुख होत्या. शहरात बाळंतपणात बायका का दगावतात, याची त्यांनी पाहणी केली. बेने इस्रायल स्त्री मंडळाच्या उभारणीत त्या पुढे होत्या. पण कामा हॉस्पिटलच्या खाटेवरच्या बाईला कोणी जात विचारून घेत नव्हतं. त्यांच्या शिष्यवृत्तीचा हिशेब त्या खाटांवर मांडायला हवा.

१९४८नंतर चित्र पालटलं. बहुतेक बेने इस्रायल कुटुंबं इस्रायलला गेली. एके काळी वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज घटला. आज भारतातले सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आत आहेत. पण माझगावची शाळा बंद पडली नाही. बगदादी ज्यू उद्योगपती सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर तिला त्यांचं नाव मिळालं, ते आजही आहे. वर्गात आता ज्यू मुलं जवळपास नाहीत. बहुसंख्य मुलं मुसलमान घरांतली आहेत. शनवार तेल्यांच्या मुलांसाठी काढलेली शाळा आज शेजाऱ्यांच्या मुलांना शिकवते. माझ्या सहकाऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. उरते ती संस्था, आणि ती चालवत राहणारी तिथलीच माणसं.

याचा अर्थ वर्षभराची सेवा फुकट, असा मी काढत नाही. आजही अमेरिकेतले ज्यू तरुण वर्षभरासाठी मुंबईत येतात, इथल्या ज्यू समाजाच्या वृद्धांसाठी, मुलांसाठी काम करतात. कळव्याच्या झोपडपट्टीत मुलांना शिकवायलाही असे स्वयंसेवक आले आहेत. विशी-पंचविशीतल्या माणसाला खरी जबाबदारी देणं, हे या कार्यक्रमांचं मोठं बळ आहे. नेतृत्व व्याख्यानं ऐकून येत नाही, काम अंगावर पडल्यावर येतं. फक्त पाहुण्याचं वर्ष संपल्यावर काम पुढे नेणारं कोणीतरी गावातच हवं.

हे सगळं इथे लिहिण्याचं कारण आपला निधी. मेळाव्याच्या सभेत त्याचा निर्णय व्हायचा आहे. दोन दिवसांचं ‘नेतृत्व विकास शिबिर’ घ्यावं, अशी एक सूचना आहे. बॅनर लागेल, फोटो चांगले येतील, दोन दिवसांत पैसे संपतील. माझी सूचना वेगळी आहे. दर वर्षी आपल्या शाळेतली एक मुलगी किंवा मुलगा निवडावा आणि शिक्षण पुरं होईपर्यंत त्याचा भार उचलावा. रक्कम कर्जाऊ द्यावी, बिनव्याजी. कमावता झाल्यावर त्याने ती निधीत परत करावी, आणि परत करताना पुढचा विद्यार्थी निवडण्याच्या समितीत बसावं. म्हणजे आज घेणारा उद्या चालवणारा होईल.

पहिली परतफेड यायला सात-आठ वर्षं लागतील. समितीत आपल्यापैकी कोणीच उरणार नाही, अशी वेळ यायला बावीस वर्षंही लागतील. तेव्हा आपण सत्तरीला टेकलेले असू. सभेत हात वर करण्यापूर्वी हा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा, एवढीच विनंती.