शून्य ते चौदा

नाकाच्या मधोमध खाच असलेलं किंवा ओठापासून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत भेग गेलेलं बाळ क्वचितच जन्माला येतं. आलं की आपल्याकडे आईलाच विचारतात, ग्रहणात विळी हातात धरली होतीस का? खरं तर कपाळाकडून आणि गालांकडून वाढणारे उंचवटे एकमेकांना मिळून चेहरा तयार होतो, तो गर्भाच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात. तेव्हा पुष्कळदा दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. त्या बाईला धरलेला दोष क्रूर आहे.

या भेगांना आज जगभरचे सर्जन आकड्यांनी ओळखतात. ते आकडे दिले पॉल तेसिए यांनी. जन्म १९१७, फ्रान्समधल्या नांत शहराजवळ. काम पॅरिसलगतच्या सुरेनमधल्या फॉश रुग्णालयात. दोन डोळ्यांत जन्मतःच फार अंतर असलेल्या मुलांचं नुसतं नाक सुधारून भागत नव्हतं. डोळ्यांच्या खोबणीच जवळ आणायला हव्या होत्या आणि वाट कवटीतून होती. तेसिएंनी न्यूरोसर्जन जेरार गियोंना विचारलं, जमेल का? ते म्हणाले, का नाही? तेच तेसिएंचं ब्रीद झालं. १९६७ मध्ये रोमच्या परिषदेत त्यांनी हे काम मांडलं. त्याच वर्षअखेरीस इतर तज्ज्ञांना सुरेनला बोलावून रुग्ण दाखवले, शस्त्रक्रिया दाखवल्या आणि पुढे जावं की थांबावं, हे त्यांनाच ठरवायला सांगितलं. शस्त्रक्रियेइतकंच धाडस मला यात दिसतं.

त्वचेखालचं हाड असं प्रत्यक्ष पाहिल्यावर १९७६ मध्ये त्यांचं वर्गीकरण छापून आलं. केंद्रस्थानी डोळ्याची खोबण. ० मध्यरेषेवर, नाक दुभंगणारी. १ नाकपुडीच्या कडेला खाच पाडते. ३ ओठातून नाकपुडीशेजारून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात जाते, अश्रूंची नळी तिच्याच वाटेत. ७ तोंडाच्या कोपऱ्यातून कानाकडे. ८ डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी. तिथून आकडे कपाळावर चढत १४ ला पुन्हा मध्यरेषेवर येतात. खोबणीखालची भेग वर कपाळातही चालू राहू शकते; तिची वरची जोडीदार काढायची तर बेरीज १४ : ३ ला ११, ४ ला १०. म्हणून नाकपुडीवर खाच दिसली की जाणता सर्जन कपाळाचं हाडही तपासतो.

भेग कुठून जाते ते आकडा सांगतो, का पडली ते नाही. त्यासाठी जनुकं तपासतात, गर्भाभोवतालच्या पडद्याचे तंतू चेहऱ्यात रुतले होते का ते पाहतात. काही बाळांच्या बाबतीत एवढं करूनही कारण हाती लागत नाही.