हलवायाचे दुकान : जुनी मांडणी आणि नवी सजावट

वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यात, साखरखेर्डा नावाचे गाव आहे. नावात साखर असली तरी इतिहासाच्या वाचकांस हे गाव ठाऊक असते ते रणामुळे. इ. स. १७२४ च्या ऑक्टोबर महिन्यात निजामुल्मुल्काने येथे मुबारिझखानाचा पराभव केला. मुबारिझखान रणात पडला आणि दक्षिणेत आसफजाही सत्तेचा पाया घातला गेला. विजयाची खूण म्हणून निजामाने गावास फत्तेखेडा असे नवे नाव दिले. परंतु लोकांच्या जिभेवरची साखर त्यास पुसता आली नाही. वरून चढविलेले नाव गळून पडले, नित्याच्या वापराने मुरलेले टिकले. ही जुनी गोष्ट आज आम्हांस आठवली ती लढाईच्या निमित्ताने नव्हे, तर दिसावयास क्षुल्लक अशा एका विषयाच्या निमित्ताने. आणि तो विषय म्हणजे हलवायाच्या दुकानाची मांडणी.

आपल्याकडील जुन्या मिठाईच्या दुकानांचा सध्या झपाट्याने कायापालट होत आहे. एका पिढीने लाकडी फडताळे काढून सनमायका आणली, भिंतींना चकचकीत फरशा लाविल्या. आता तिच्या मुलांस त्या फरशा नकोशा झाल्या आहेत. त्यांच्या हौसेसाठी बांबूची छते, मातीचा गिलावा, ओबडधोबड दगड व जुने लाकूड यांनी दुकाने नव्याने सजू लागली आहेत. ही लाट आम्हांस अप्रिय नाही. आमचा प्रश्न एवढाच की, माती आणि लाकूड दुकानात पुन्हा येत आहेत ती काम करावयास की नुसती शोभा देण्यास? याचे उत्तर द्यावयाचे तर जुन्या दुकानात ह्या वस्तू मुळात कशासाठी होत्या, हे पाहिले पाहिजे.

गोडधोडाचा धंदा ह्या देशात फार प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा असे उसाच्या रसाचे पाच प्रकार सांगितले आहेत. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त राजाच्या भोजनाचे वर्णन करताना पक्वान्नांनाही जागा दिली आहे. पुढे अरबी भाषेतून हलवा आणि जिलबी हे शब्द आले, आणि ‘हलवाई’ हे धंद्याचे नावही त्याच वाटेने आले. एवढ्या मोठ्या काळात पदार्थ बदलले, नावे बदलली. पण ऊन, धूर आणि दमट हवा हे हलवायाचे तीन शत्रू मात्र तेच राहिले. जुन्या दुकानातील प्रत्येक वस्तू ह्यांपैकी कोणत्या तरी एकाशी झुंजत होती.

वऱ्हाडी माणूस गावची शेतजमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’ असे म्हणतो. काळीत पीक घ्यावे आणि पांढऱ्या मातीने घर बांधावे, अशी वाटणी. ह्या मातीची जाड भिंत आणि वर धाब्याचे छप्पर, असे घर असले म्हणजे वैशाखातले ऊन आत पोहोचेपर्यंत सांज होते. शिवाय माती हवेतील ओल शोषून घेते आणि हवा कोरडी झाली की ती परत सोडते. पावसाळ्यात बत्तासे चिघळू लागतात, रेवड्या एकमेकींस चिकटतात. अशा दिवसांत भिंतीचा हा गुण लहान नव्हे. भिंतीवर चुन्याचा हात फिरे, तोही केवळ उजेडासाठी नव्हे. ताजा चुना इतका तीव्र असतो की त्यावर बुरशी व जंतू सहसा तग धरत नाहीत. भट्टीच्या धुराने काळवंडलेल्या भिंतीस वर्षातून एकदा त्याची गरजच पडे.

तीच गोष्ट लाकडाची. पाडव्याच्या साखरगाठी लाकडी साच्यांत ओततात, कारण लाकूड पाकाची उष्णता एकदम ओढून घेत नाही. लाकूड म्हणजे घाण, असा समज मध्यंतरी पसरला होता. परंतु अमेरिकेत डीन क्लिव्हर या संशोधकाने १९९० च्या दशकात दाखवून दिले की, लाकडी पाटावर पडलेले जंतू आत शोषले जाऊन बहुतांशी मरतात, तर सुरीच्या चरे पडलेल्या प्लास्टिकच्या पाटावर ते चांगले तग धरतात. पितळेच्या परातीस कल्हई असे, कारण आंबट पदार्थ उघड्या पितळेत कळकतो. आणि गिऱ्हाइकाच्या हाती जाणारा पळसाच्या पानाचा द्रोण तर गावच्या रानातून येऊन उकिरड्यावर पुन्हा मातीत मिसळे. मिठाईबरोबर कल्हईवाल्याची भट्टी आणि पाने टाचणाऱ्या बायांची चूल पेटे, हेही विसरता कामा नये.

मात्र जुने ते सगळे सोने, असे म्हणणारांत आम्ही नाही. उघड्या परातींवर माशा घोंगावत, धुराड्यावाचून भट्टीपुढे बसणाऱ्या कारागिराचे डोळे आणि छाती जळत असे, आणि शेणाने सारवलेली जमीन खाद्यपदार्थाजवळ असणे मुळीच बरे नव्हे. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली आणि वऱ्हाडाच्या बाजारपेठा मुंबईच्या मालास खुल्या झाल्या. १९०८ साली तळेगावास पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. पुढे हलवायाच्या दुकानात काचेचे कपाट आले, ते गिऱ्हाइकावर उपकारच करणारे ठरले. कारण काचही तेथे कामास आली होती. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा व त्याखालील नियम कारखान्याच्या भिंती व जमिनी धुण्याजोग्या असाव्यात असा आग्रह धरतात, तो रास्तच आहे.

मग नवे व जुने यांचा मेळ कसा घालावा? जपानातील एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. ‘तोराया’ ही मिठाईची पेढी सोळाव्या शतकात क्योतो शहरी उदयास आली आणि १८६९ मध्ये राजधानीबरोबर तोक्योस गेली. तेथील आकासाका भागातील आपले दुकान तिने २०१८ मध्ये नव्याने बांधून उघडले, तेव्हा नाईतो हिरोशी या स्थापत्यकाराने आतील भाग योशिनोच्या रानातील हिनोकी नावाच्या सुगंधी लाकडाने सजविला. इमारत आजच्या काळाची, आणि हात जेथे टेकतो व नजर जेथे विसावते तेथे मात्र देशीचे लाकूड, अशी ती वाटणी आहे. पेढीने जुन्या दुकानाची नक्कल केली नाही.

साखरखेर्ड्यासारख्या गावी एखादा हलवाई आज कर्ज काढून दुकान नवे करू पाहत असेल, तर आमचे सांगणे थोडक्यात असे. जेथे शिजते तेथे धुता येणारी शहाबादी फरशी किंवा काळा दगड घालावा आणि चांगले धुराडे बांधावे. तेथे मातीचा हट्ट नको. जेथे गिऱ्हाईक उभे राहते तेथे पांढऱ्या मातीची वा चुन्याची जाड भिंत ठेवावी. थंड हवेच्या यंत्राचा बराचसा खर्च ती वाचवील. माल काचेमागे असावा, पण द्यावा पानाच्या द्रोणात. २०१८ पासून महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा पळसाला पुन्हा बोलावणे हा शहाणपणाचाच व्यवहार ठरेल. सिमेंटच्या भिंतीवर मातीच्या रंगाचा लेप आणि लोखंडी खांबावर लाकडाच्या छापाचा कागद, एवढ्यासाठी मात्र पैसा घालवू नये. असा लेप म्हणजे फत्तेखेडा हे नाव होय. ते मोठ्या डौलाने दिले गेले खरे, पण गावाने ते कधी आपले म्हटले नाही. नित्याच्या कामास जे येते, तेच लोकांच्या जिभेवर आणि दुकानाच्या भिंतीत टिकून राहते.